संगणकावर पायथन बसवणे: डाउनलोडपासून पहिल्या प्रोग्रामपर्यंत

पायथन ही प्रोग्रामिंग भाषा इन्स्टॉल करायला पाच-दहा मिनिटे पुरतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ‘पायथन’ टाइप करून एंटर दाबले की भलतीच खिडकी उघडते. लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड) व्यवस्थित इन्स्टॉल झाल्याचा संदेश येतो, तरीही प्रोग्राम ‘असे मॉड्यूल सापडले नाही’ म्हणून थांबतो. अशा बहुतेक तक्रारींचे मूळ एकच असते: एका संगणकावर एकाहून अधिक पायथन असू शकतात आणि आपल्या कमांडला त्यांतले नेमके कोणते उत्तर देत आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यानंतर एक छोटी तपासणी दिली आहे. ती गाळू नका. पुढे एरर आली तर शोध कुठून सुरू करायचा, हे तिच्यामुळेच कळते.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, अंकही इंग्रजी वापरा, आणि वेगळे सांगितले नसेल तिथे सगळी अक्षरे लहान ठेवा. मधल्या मोकळ्या जागा, टिंबे आणि आडव्या रेघा जशाच्या तशा हव्यात. ‘पीवाय’ म्हणजे पायथनच्या इंग्रजी स्पेलिंगमधली फक्त पहिली दोन अक्षरे, ‘पिप’ म्हणजे पी-आय-पी (लायब्ररी बसवणारे साधन) आणि ‘वेन्व्ह’ म्हणजे व्ही-ई-एन-व्ही.

कोणती आवृत्ती घ्यायची

डाउनलोड पायथन.ऑर्ग या अधिकृत साइटवरूनच करा. सर्च इंजिनमध्ये वर दिसणाऱ्या जाहिराती आणि ‘फ्री डाउनलोड’वाल्या साइट टाळा.

आवृत्ती ३ चीच घ्या. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. जुन्या धड्यांमध्ये ‘प्रिंट’ या शब्दापुढे कंस न घालता मजकूर लिहिलेला दिसला, तर तो धडा पायथन २ चा आहे असे समजा आणि दुसरा शोधा. पायथन ३ मध्ये तो कोड पहिल्याच ओळीला अडतो.

आवृत्तीचा आकडा दशांश अपूर्णांकासारखा वाचू नका. ३.१० ही ३.९ च्या नंतरची आवृत्ती आहे. टिंबानंतरचा आकडा ‘दहा’ असा वाचायचा. आता दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास नवी आवृत्ती येते आणि तिला साधारण पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. नुसती भाषा शिकायची असेल तर सर्वांत नवी आवृत्ती चालेल. पण डेटा, आलेख, मशीन लर्निंग अशा मोठ्या लायब्ररी वापरायच्या असतील तर सर्वांत नवीच्या एक पायरी मागची घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. नवी आवृत्ती आल्यावर प्रत्येक लायब्ररीची तिच्यासाठी तयार बांधलेली फाइल लगेच उपलब्ध होतेच असे नाही. ती नसली की पिप मूळ कोडपासून लायब्ररी बांधायला जातो, त्यासाठी सी भाषेचा कंपायलर (कोडपासून चालणारी फाइल बनवणारा प्रोग्राम) मागतो, आणि नवशिक्यासमोर लाल अक्षरांचे पानभर भेंडोळे येते. त्यात त्याची चूक काहीच नसते.

संगणक जुना असेल तर आधी ऑपरेटिंग सिस्टम पाहा. विंडोज ७ वर ३.८ ही शेवटची चालणारी आवृत्ती आहे, आणि ३.१३ पासून पुढे किमान विंडोज १० लागते.

विंडोजवर

डाउनलोडच्या पानावर आता दोन गोष्टी दिसतात: एक ‘इन्स्टॉल मॅनेजर’ आणि दुसरा विशिष्ट आवृत्तीचा स्वतंत्र इन्स्टॉलर. मॅनेजर चांगला आहे, पण त्याचा उपयोग वेगवेगळ्या आवृत्त्या अदलून-बदलून वापरणाऱ्यांना जास्त. पहिल्यांदा बसवणाऱ्याने स्वतंत्र इन्स्टॉलर घ्यावा. बहुतेक धडे त्याच पद्धतीला धरून लिहिलेले आहेत. ‘६४-बिट’ लिहिलेला निवडा. प्रोसेसर एआरएम प्रकारचा असेल तर त्यासाठी वेगळी फाइल असते. आपला कोणता, हे सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे ‘सिस्टम टाइप’समोर लिहिलेले असते.

इन्स्टॉलर उघडला की घाईने मोठ्या ‘इन्स्टॉल नाऊ’वर क्लिक करू नका. त्या खिडकीच्या तळाशी दोन चौकटी आहेत. एक ॲडमिन अधिकार वापरण्याबद्दल आहे. संगणक कॉलेजचा किंवा ऑफिसचा असेल आणि ॲडमिनचा पासवर्ड हाताशी नसेल, तर तिथली टिक काढा. पायथन फक्त तुमच्या खात्यापुरता बसेल आणि शिकायला तेवढे पुरते. दुसरी चौकट ‘ॲड पायथन टू पाथ’ अशा अर्थाची आहे. ती मुळात रिकामी असते. तिथे टिक करा, आणि मगच ‘इन्स्टॉल नाऊ’.

पाथ म्हणजे फोल्डरांची एक यादी. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, तुम्ही एखादा शब्द टाइप केला की विंडोज ही यादी क्रमाने चाळते आणि त्या नावाची फाइल ज्या फोल्डरात पहिल्यांदा सापडेल ती चालवते. पायथनचा फोल्डर यादीत नसेल तर पायथन संगणकावर असूनही सापडत नाही. यादीत दोन पायथन असतील तर आधी येणारा जिंकतो. एवढे डोक्यात ठेवले तर पुढचे अर्धे गोंधळ आपोआप सुटतात.

शेवटच्या खिडकीत कधीकधी ‘डिसेबल पाथ लेंग्थ लिमिट’ असे बटण दिसते. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांपर्यंतच असावा अशी जुनी मर्यादा आहे. काही लायब्ररींमध्ये फोल्डरात फोल्डर असे इतके खोल जातात की ती ओलांडली जाते. बटण दाबून मर्यादा काढून टाका. त्यासाठी ॲडमिन परवानगी लागते. मिळाली नाही तरी अडत नाही.

आता तपासणी. टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्टची नवी खिडकी उघडा. आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनीच पाथ यादी धरून बसलेली असते, त्यामुळे तिच्यात नुकताच बसवलेला पायथन दिसत नाही. नव्या खिडकीत लिहा:

पायथन --व्हर्जन

दोन आडव्या रेघा सलग, त्यांच्या आधी एक जागा, नंतर जागा नाही. उत्तरात ‘पायथन’ आणि तुम्ही उतरवलेल्या आवृत्तीचा आकडा यायला हवा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये लिहा:

व्हेअर पायथन

ही कमांड पायथनचा पत्ता सांगते, आणि एकाहून जास्त असतील तर पाथमधल्या क्रमाने सगळ्यांचे. पॉवरशेलमध्ये (विंडोजवरचा कमांड देण्याचा दुसरा प्रकार) ‘व्हेअर’ या शब्दाचा अर्थ वेगळा असल्याने तिथे हीच कमांड दिल्यास काहीच दिसत नाही. तिथे ‘व्हेअर’ला चिकटून ‘.ईएक्सई’ जोडा. साध्या इन्स्टॉलनंतर पत्ता तुमच्या युजर फोल्डरातल्या ॲपडेटा, लोकल, प्रोग्राम्स, पायथन या साखळीतला असतो.

पत्त्यात ‘विंडोजॲप्स’ हा शब्द सर्वांत वर दिसला, किंवा ‘पायथन’ टाइप करताच मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडले, तर तिथे उत्तर देणारा तुमचा पायथन नाही. विंडोजने त्या नावाची एक पोकळ फाइल आधीच ठेवलेली असते आणि तिचे काम फक्त स्टोअरकडे बोट दाखवण्याचे. सेटिंग्ज, ॲप्स, ‘ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्ज’, ‘ॲप एक्झिक्यूशन एलियसेस’ इथे जाऊन ‘पायथन’ आणि ‘पायथन३’ या नावांसमोरची ‘ॲप इन्स्टॉलर’ची बटणे बंद करा. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा.

पाथची टिक राहूनच गेली असेल तर काहीही काढून टाकायची गरज नाही. तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवा, ‘मॉडिफाय’ निवडा, एकदा ‘नेक्स्ट’ दाबा, पुढच्या पानावर पायथन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये जोडण्याची चौकट दिसेल, तिथे टिक करा. तोपर्यंत ‘पीवाय’ ही कमांड वापरता येते. इन्स्टॉलरसोबत येणारा हा लाँचर पाथची टिक नसली तरी पायथन शोधतो. ‘पीवाय --लिस्ट’ लिहिले की संगणकावरच्या, त्याला माहीत असलेल्या सगळ्या आवृत्त्या दिसतात.

मॅकवर आणि लिनक्सवर

मॅकवर कमांड ‘पायथन३’ अशी असते, अंक चिकटून. नुसते ‘पायथन’ लिहिलेत तर बहुधा ‘कमांड सापडली नाही’ असेच येईल, कारण ॲपलने सोबत दिलेला पायथन २ मॅकओएस १२.३ मध्ये, म्हणजे २०२२ साली, काढून टाकला. ‘पायथन३’ पहिल्यांदा लिहिल्यावर कमांड लाइन टूल्स बसवू का, असे विचारणारी खिडकी येऊ शकते. त्यातून मिळणारा पायथन ॲपल स्वतःच्या साधनांसाठी ठेवते आणि तो बराच जुना असू शकतो. शिकण्यासाठी पायथन.ऑर्गवरची मॅकची फाइल घ्या.

तिथे इन्स्टॉल झाल्यावर एक पायरी हमखास सुटते. ॲप्लिकेशन्समध्ये पायथनच्या नावाचा फोल्डर तयार होतो. त्यातल्या ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट्स’ या फाइलवर डबल-क्लिक करा. हा पायथन मॅकची स्वतःची सुरक्षा-प्रमाणपत्रे वापरत नाही, त्यामुळे ही पायरी राहिली तर इंटरनेटवरून काही आणणारा प्रोग्राम ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ असे म्हणून थांबतो. तपासणीसाठी ‘व्हिच पायथन३’ लिहा. पत्ता ‘/लायब्ररी/फ्रेमवर्क्स’ने सुरू झाला तर तुमचा, ‘/यूएसआर/बिन’ आला तर ॲपलचा. ॲपलचा आला तर टर्मिनल बंद करून उघडा आणि पुन्हा पाहा.

उबंटूवर पायथन ३ आधीच असतो. फक्त दोन पूरक पॅकेजे लागतात:

सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-वेन्व्ह पायथन३-पिप

जुना वाटला म्हणून सिस्टमचा पायथन कधीही काढून टाकू नका. डेस्कटॉप आणि अपडेटची साधने त्याच्यावर चालतात. तो गेला की संगणक सुरू होऊनही वापरण्याजोगा राहत नाही.

पहिली फाइल

टर्मिनलमध्ये ‘पायथन’ (मॅक-लिनक्सवर ‘पायथन३’) एवढेच लिहून एंटर दाबले की >>> अशी तीन चिन्हे येतात. आता तुम्ही पायथनच्या आत आहात. इथे लिहिलेली प्रत्येक ओळ पायथनच्या व्याकरणाने वाचली जाते. नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक इथेच होते: >>> दिसत असताना ‘पायथन --व्हर्जन’ किंवा ‘पिप इन्स्टॉल’ लिहायचे आणि ‘नेम एरर’ किंवा ‘सिंटॅक्स एरर’ मिळवायची. त्या कमांड टर्मिनलच्या आहेत, पायथन भाषेच्या नाहीत. बाहेर पडायला एक्झिट आणि पुढे रिकामा कंस लिहा: एक्झिट(). विंडोजवर कंट्रोल-झेड दाबून एंटर, मॅक-लिनक्सवर कंट्रोल-डी हेही चालते.

प्रोग्राम ठेवायला एक वेगळा फोल्डर करा. नाव इंग्रजीत, छोटे, मधे जागा न सोडता. जागा असलेला पत्ता टर्मिनलमध्ये दरवेळी अवतरणात घालावा लागतो. विंडोजवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर अनेकदा वनड्राइव्हमध्ये असतात, तिथे ठेवू नका. पुढे या फोल्डरात हजारो बारीक फाइली येणार आहेत आणि त्या सगळ्या क्लाउडवर चढवत बसल्याने संगणक मंदावतो.

फाइलला ‘.पीवाय’ हे शेपूट हवे. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना ‘सेव्ह ॲज टाइप’ला ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर शेवटी गुपचूप ‘.टीएक्सटी’ जोडले जाते. विंडोज ते लपवून ठेवत असल्याने फाइल दिसते बरोबर, पण चालत नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ एकदाच चालू करून ठेवा.

फाइलमध्ये एकच ओळ लिहा:

प्रिंट("नमस्कार")

‘प्रिंट’ इंग्रजीत आणि कंस कीबोर्डवरचा. अवतरणातला ‘नमस्कार’ मात्र खुशाल देवनागरीत लिहा. पायथन ३ प्रोग्रामची फाइल मुळातच यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरे साठवणारे एन्कोडिंग) मानतो. टर्मिनलमध्ये ‘सीडी’ कमांडने त्या फोल्डरात जा, आणि ‘पायथन’ लिहून जागा सोडून फाइलचे पूर्ण नाव लिहा. जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर तो तिथल्या फॉन्टचा दोष आहे. विंडोज टर्मिनलमध्ये किंवा पुढे सांगितलेल्या एडिटरमध्ये तोच प्रोग्राम चालवून पाहा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचे (माहिती साठवायच्या जागेचे) नावही देवनागरीत चालते. ‘वय’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये आकडा ठेवून पाहा, काही तक्रार येत नाही. कोडमध्ये थेट देवनागरी अंक लिहिला तर मात्र एरर येते. गंमत अशी की तोच देवनागरी आकडा अवतरणात घालून ‘इंट’ला (मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या फंक्शनला) दिला, तर तो अचूक संख्येत बदलतो. दुसरी गोष्ट जास्त कामाची. विंडोजवर मराठी मजकुराची फाइल ‘ओपन’ने उघडताना कंसात एन्कोडिंग="यूटीएफ-८" हे इंग्रजीत स्पष्ट लिहा. ते न लिहिल्यास बऱ्याच आवृत्त्या विंडोजचे जुने एन्कोडिंग धरतात आणि ‘युनिकोड डिकोड एरर’ येते किंवा अक्षरांचा कचरा होतो.

वेबपानावरून किंवा वर्डमधून कोड कॉपी केला की सरळ अवतरणांच्या जागी वळणदार अवतरणे येतात. पायथनला ती चालत नाहीत. ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ अशी एरर दिसली तर आधी अवतरणे खोडून हाताने टाइप करा.

फाइलला कोणत्याही प्रचलित मॉड्यूलचे (प्रोग्राममध्ये ‘इम्पोर्ट’ करून वापरायच्या तयार कोडचे) नाव देऊ नका. कासवाची चित्रे काढायला घेतलेल्या फाइलचे नाव ‘टर्टल.पीवाय’ ठेवले, की त्यातली ‘इम्पोर्ट टर्टल’ ही ओळ खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलते, कारण पायथन आधी प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरात शोधतो. मग ‘या मॉड्यूलमध्ये असे काही नाही’ अशी एरर येते आणि इन्स्टॉलच बिघडले असे वाटते. ३.१३ पासून ही एरर फाइलचे नाव बदलायला सुचवते. जुन्या आवृत्त्या गप्प राहतात. ‘रँडम’ आणि ‘ईमेल’ ही नावेही याच कारणासाठी टाळा.

लायब्ररी बसवण्याआधी

प्रत्येक प्रकल्पाला स्वतःच्या लायब्ररींचा वेगळा संच द्यावा, त्याला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. ‘हे नंतर शिकू’ असे अनेक जण सांगतात. आमचे मत नेमके उलट आहे: पहिल्या लायब्ररीच्या आधीच शिका. दोन मिनिटांचे काम आहे, आणि नंतर सगळे एकत्र कालवले गेले की वेगळे करणे फार त्रासाचे होते. प्रकल्पाच्या फोल्डरात उभे राहून लिहा (मॅक-लिनक्सवर सुरुवातीला ‘पायथन३’):

पायथन -एम वेन्व्ह .वेन्व्ह

‘-एम’मध्ये एकच रेघ आणि इंग्रजी ‘एम’ हे एक अक्षर. शेवटच्या शब्दाआधी टिंब आहे. काही सेकंदांत त्या नावाचा फोल्डर तयार होतो. आता तो चालू करायचा. विंडोजवर:

.वेन्व्ह\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट

मॅक आणि लिनक्सवर:

सोर्स .वेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट

ओळीच्या सुरुवातीला कंसात एन्व्हायर्नमेंटचे नाव आले की झाले. पॉवरशेलमध्ये ‘या सिस्टमवर स्क्रिप्ट चालवणे बंद आहे’ अशा अर्थाची लाल एरर आली तर ती पायथनची नाही, विंडोजच्या सुरक्षा धोरणाची आहे. एकदाच हे लिहा:

सेट-एक्झिक्यूशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड

हा बदल फक्त तुमच्या खात्यापुरता असतो. ऑफिसच्या संगणकावर तो करता येत नसेल तर पॉवरशेलऐवजी कमांड प्रॉम्प्ट उघडा, तिथे ही आडकाठी नाही.

लायब्ररी नेहमी अशी बसवा:

पायथन -एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स

नुसते ‘पिप इन्स्टॉल’ लिहिले तरी चालते असे वाटते, पण पाथमध्ये आधी येणारा पिप दुसऱ्याच पायथनचा असू शकतो. मग लायब्ररी एकीकडे आणि प्रोग्राम दुसरीकडे. वरच्या पद्धतीत जो पायथन प्रोग्राम चालवणार, त्याचाच पिप वापरला जातो. नव्या उबंटूवर एन्व्हायर्नमेंट चालू न करता पिप चालवला तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ अशी एरर येते. सिस्टमचा पायथन बिघडू नये म्हणून मुद्दाम घातलेले ते कुंपण आहे. एररमध्येच सुचवलेला, सिस्टम पॅकेजे मोडण्याची परवानगी देणारा पर्याय वापरू नका. एन्व्हायर्नमेंट चालू करून तीच कमांड द्या.

एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर दुसरीकडे हलवू नका किंवा पेनड्राइव्हवरून नेऊ नका. त्याच्या आत पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. तो खोडून नव्या जागी पुन्हा तयार करणे हेच बरोबर. तुमचा कोड त्या फोल्डरात ठेवलेला नसेल तर खोडल्याने लायब्ररींखेरीज काही जात नाही.

एडिटर

विंडोज आणि मॅकच्या इन्स्टॉलरसोबत ‘आयडल’ नावाचा छोटा एडिटर येतो. पहिल्या आठवड्याला तो पुरेसा आहे. पुढे व्हीएस कोड घ्या आणि त्यात मायक्रोसॉफ्टचे ‘पायथन’ हे एक्स्टेन्शन बसवा. फोल्डर उघडताना ‘ओपन फोल्डर’ने पूर्ण प्रकल्प उघडा, सुटी फाइल नको. मग कंट्रोल-शिफ्ट-पी (मॅकवर कमांड-शिफ्ट-पी) दाबा, ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ शोधा (इंटरप्रिटर म्हणजे कोड चालवणारा पायथन), आणि यादीतून ज्याच्या पत्त्यात ‘.वेन्व्ह’ आहे तो निवडा. हे केले नाही तर टर्मिनलमध्ये चालणारा प्रोग्राम एडिटरच्या बटणाने चालत नाही. फाइलच्या टॅबवर ठिपका दिसत असेल तर ती सेव्ह झालेली नाही आणि तुम्ही जुनाच कोड चालवत आहात.

ओळीच्या सुरुवातीची जागा पायथनमध्ये व्याकरणाचा भाग आहे. प्रत्येक पायरीला चार स्पेस ठेवा. एका ओळीत टॅब आणि दुसरीत स्पेस असे मिसळले की डोळ्यांना सरळ दिसूनही ‘टॅब एरर’ येते.

कधीही शंका आली तर अडलेल्या प्रोग्रामच्या सुरुवातीला या दोन ओळी घाला आणि चालवा:

इम्पोर्ट सिस
प्रिंट(सिस.एक्झिक्यूटेबल)

‘सिस’ म्हणजे इंग्रजी एस-वाय-एस. छापून येईल तो पत्ता त्या क्षणी काम करणाऱ्या पायथनचा. एडिटरमध्ये एकदा आणि टर्मिनलमध्ये एकदा चालवून दोन्ही पत्ते शेजारी ठेवा. ते वेगळे असतील तर ‘मॉड्यूल सापडले नाही’ यामागचे कारण बहुधा तेच आहे: एडिटरमध्ये इंटरप्रिटर पुन्हा निवडा. पत्ते सारखेच असतील तर लायब्ररीच्या नावाचे स्पेलिंग तपासा. काही लायब्ररी एका नावाने इन्स्टॉल होतात आणि दुसऱ्याच नावाने इम्पोर्ट करायच्या असतात. चित्रांवर काम करणारी ‘पिलो’ त्यांतलीच: इन्स्टॉल करताना ‘पिलो’, इम्पोर्ट करताना ‘पीआयएल’, आणि ही तीन अक्षरे मात्र मोठ्या लिपीत.